डावा गाल

जोडभावी पेठ, सोलापूर
९ जून २०२५

प्रिय संघपाल,

शरणार्थ. पत्र बघून चकित होशील. फोनच करणार होतो, पण फोनवर तू आधी तुझ्या गुडघ्याचं सांगतोस आणि माझं राहूनच जातं.

मार्चअखेर मी कारखान्यातून मोकळा झालो. छत्तीस वर्षं एमआयडीसीत बसून चादरीची न् टॉवेलची डिझाईनं ग्राफवर काढली. आता ते सगळं कॉम्प्युटरवर होतं, माझी गरज उरली नाही. त्याचं दुःख नाही. दुःख दुसरं आहे.

सृष्टीचं लग्न ठरलंय, ३० नोव्हेंबरला, इथंच. महानंदा गेल्या हिवाळ्यापासून कुणाला फोटो काढू देत नाही. साखरपुड्याला तर स्वयंपाकघरातून बाहेरच आली नाही. लग्नात मी मागं जेवणाचं बघते, स्टेजवर येत नाही, असं सांगून बसलीय. सृष्टीनं रडून बघितलं, बसवेशनं ओरडून बघितलं. आई जिवंत असताना लेकीच्या डोक्यावर अक्षता टाकायला आई नाही, पाहुण्यांना काय सांगायचं? का असं करतेस विचारलं की वय झालं म्हणते. बायकांचं असतं तसलं काहीतरी.

मी ठरवलंय की तिचं एक सुंदर चित्र आपण स्वतः काढायचं. आधी पेन्सिलनं, मग पेननं पक्कं करायचं. ते बघून तिला वाटलं पाहिजे की आपण चांगल्या दिसतो. मग येईल ती.

तू एकतीस वर्षं शाळेत ड्रॉइंग शिकवलंस. मला पाच महिन्यांत माणसाचा चेहरा शिकव. हात बसलेलाच आहे, फक्त मोर आणि कमळाच्या जागी नाक-डोळे काढायचे. नमुना म्हणून बसवेशचं चित्र सोबत ठेवलंय. कसं आहे ते खरं सांग.

तुझा,
गुरुबसप्पा बिराजदार

माळशिरस
१७ जून २०२५

बसप्पा,

जयभीम. खरं सांग म्हणालास म्हणून सांगतो. तो बसवेश आहे हे तू लिहिलं नसतंस, तर उशीच्या अभ्र्याचं डिझाईन समजून मी कागद बाजूला ठेवला असता.

आणि चित्राच्या चार घड्या घालून पाकिटात कोंबतात का? बसवेशच्या नाकावर आडवी घडी पडलीय, कपाळावर उभी. यापुढे मोठं पाकीट घे, आत पुठ्ठा घाल, पोस्टानं पाठव. मोबाईलवर फोटो काढून पाठवू नकोस. हात कुठं दाबला, कुठं घाबरला, ते फोटोत दिसत नाही, आणि मला तेच बघायचं असतं.

आता मुख्य गोष्ट. बसवेशच्या दोन्ही भुवया एकसारख्या, दोन्ही कान एकसारखे, मिशीची दोन्ही टोकं एकसारखी. मला आधी वाटलं, मुलगा देखणा आहे. मग चष्मा लावून बघितलं तर नाकाच्या मधोमध बारीक टिंबं दिसली. तू अर्धाच चेहरा काढलास. मग ट्रेसिंग पेपर पालथा घालून दुसरी बाजू उमटवलीस. खरं की नाही? अरे, माणूस जन्माला आलाय, मागावर विणलेला नाही.

शिवाय डोळे कपाळावर चढवलेस. सगळे नवशिके हेच करतात. टाळूपासून हनुवटीपर्यंत मोजून बघ, डोळे बरोबर मध्यावर येतात. आरशासमोर उभा राहून मोज, विश्वास बसणार नाही.

वीस चेहरे काढ. समोर बसलेल्या जिवंत माणसाचे. पट्टी नाही, ट्रेसिंग नाही, ग्राफ नाही, खोडरबर नाही. सावली करताना बोटानं चोळायचं नाही. वहिनींना हात लावायला अजून अवकाश आहे.

संघपाल सर्वगोड

जोडभावी पेठ, सोलापूर
४ जुलै २०२५

प्रिय संघपाल,

शरणार्थ. तुझं पत्र महानंदानं बघितलं असतं तर तिनं तुला पुन्हा शेंगापोळी वाढली नसती. मी शिकायला आलोय, शिव्या खायला नाही.

अर्धं काढून पालटलं, त्यात माझी काय चूक? आमच्यात पूर्ण मोर काढला तर मालक विचारायचा, दिवस वाया घालवला का म्हणून. अर्धा ग्राफवर काढायचा, बाकीचा अर्धा मशीन उलटा करून विणतं. चांगला कारागीर तोच, ज्याचा जोड दिसत नाही. छत्तीस वर्षांत माझा जोड कुणाला दिसला नाही, तुलाच दिसला. आणि देवानं तरी दोन डोळे, दोन कान, दोन नाकपुड्या दिल्यात त्या काय वेगवेगळ्या डिझाईनच्या दिल्यात?

वीस झाले नाहीत, अकरा झालेत. लोक बसतच नाहीत. सृष्टी फोन बघत बसते, तिची नुसती हनुवटी दिसते. बसवेश दहा मिनिटांनी म्हणतो, झालं का. एमआयडीसीच्या कोपऱ्यावरच्या हॉटेलात रुद्रप्पा चहा करतो, त्याला काढायला गेलो तर तो एका जागी उभाच राहीना. तरी काढला. त्याचं चित्र वाईट आलंय, पण अकरा पूर्ण व्हावेत म्हणून घातलंय. पुठ्ठाही घातलाय, बघ.

महानंदा विचारत होती, दिवसभर कागद काळे करून काय मिळवताय. तिला काही सांगितलेलं नाही.

गुरुबसप्पा

माळशिरस
१५ जुलै २०२५

बसप्पा,

जयभीम. अकरापैकी दहा चित्रं मी कपाटावर ठेवून दिली. त्यांच्याबद्दल बोललो तर आपली मैत्री तुटेल.

रुद्रप्पा मात्र भिंतीवर लावलाय. तू वाईट म्हणतोस तोच तेवढा माणूस झालाय. का झालाय माहितीय? तो हलत होता म्हणून तुला पालटायला वेळ मिळाला नाही. त्याचा एक खांदा किटली उचलून उचलून खाली आलाय, एक डोळा धुरानं बारीक केलाय, तोंड एका बाजूला बोलतंय. त्याला मी कधी बघितलेलं नाही, पण उद्या सोलापुरात आलो तर ओळखीन. एवढंच असतं रे चित्रात. देखणं करायची घाई सोड.

आता पेन घे. साधं काळं, बारीक टोकाचं. पेनानं सावली करायची म्हणजे गिरवायचं नाही, जवळजवळ रेघा ओढायच्या, गडद हवं तिथं त्यांच्यावर आडव्या रेघा. पेनाची रेघ खोडता येत नाही, म्हणून ओढायच्या आधी बघावं लागतं. तू बघत नाहीस. तुला ठाऊक असतं ते काढतोस.

वहिनींना बसव आता. खिडकीजवळ, एका बाजूनं उजेड येईल असं. रोज एक तास, आठ दिवस. फोटोवरून काढायचं नाही. समोर बसूनच काढायचं, हे दोनदा सांगतोय.

संघपाल

जोडभावी पेठ, सोलापूर
२२ ऑगस्ट २०२५

प्रिय संघपाल,

शरणार्थ. उशीर झाला. पत्रिका छापायची गडबड आहे, हॉलवाला तारीख बदला म्हणत होता, त्याच्याशी भांडण झालं.

सोबत महानंदाचं चित्र. समोर बसवून काढलंय, खिडकीजवळ, तू म्हणालास तसं. मला तर चांगलं वाटतं. तुला चालत असेल तर लगेच कळव, म्हणजे फ्रेम करायला टाकतो. तिला अजून दाखवलेलं नाही.

गुरुबसप्पा

माळशिरस
३० ऑगस्ट २०२५

बसप्पा,

माझे केस काय उन्हात पांढरे झालेत असं वाटलं का तुला?

चित्रातल्या बाईचं वय पंचवीस आहे. कानात कुडी आहे ती लग्नातली. उजेड दोन्ही बाजूंनी आलाय, तो खिडकीतून येत नाही, फोटो स्टुडिओत दोन दिवे लावल्यावर येतो. म्हणजे तू लग्नातला फोटो काढून समोर ठेवलास, उजवी बाजू उतरवलीस आणि तीच पालथी घालून डावी केलीस. टिंबं या वेळी खोडलीस, पण खोडलेली जागा बोटाला लागते. वर मला लिहितोस, समोर बसवून काढलं. छत्तीस वर्षं लोकांना जोड दिसू दिला नाहीस, आता मित्रापासून लपवायला लागलास.

मी तुला काय सांगतोय अडीच महिने? दोन बाजू एकसारख्या नसतात. वहिनींचंच घे. मी तुझ्याकडे किती वेळा जेवलोय. त्या हसल्या की आधी डावा गाल वर जायचा, मग डोळा मिटायचा, आणि उजवी बाजू मागून यायची. मला वीस वर्षांपूर्वीचं आठवतं आणि तुला समोर बसलेलं दिसत नाही? तोच डावा गाल तू पुसून टाकलास. त्यात वहिनी उरल्याच नाहीत.

तुझा आळस मला कळत नाही बसप्पा. ज्या बाईसोबत आयुष्य काढलंस तिच्यासमोर एक तास बसायचा कंटाळा आला असेल, तर हा उद्योग थांबव. मला पाकीट पाठवू नकोस.

संघपाल

जोडभावी पेठ, सोलापूर
१२ ऑक्टोबर २०२५

संघपाल,

दीड महिना मी तुझं पत्र खिशात घेऊन फिरतोय. उत्तर द्यायचं नव्हतं. आज देतो, मग तुला जे वाटायचं ते वाटू दे.

तिचा डावा गाल वर जात नाही. समजलं? गेल्या हिवाळ्यात वेळ अमावस्येला आम्ही अक्कलकोटच्या बाजूला भावाच्या शेतावर जेवायला गेलो होतो. येताना मोटारसायकलवर लई गार वारं लागलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ती चूळ भरायला गेली तर पाणी एका बाजूनं गळायला लागलं. तोंडावरून वारं गेलं म्हणतात ते. दवाखाने केले, गालाला करंट द्यायच्या मशीनखाली दोन महिने बसवलं. डॉक्टर म्हणाले बरंचसं येईल. बरंचसं म्हणजे किती, ते कुणी सांगितलं नाही. डावा डोळा पुरता मिटत नाही, पाणी येत राहतं. हसली की तोंड सगळं उजवीकडं ओढलं जातं. म्हणून हसत नाही. बाहेर गेली की पदर तोंडावर.

साखरपुड्याला ती आत बसली होती. बसवेशनं दारातून मोबाईलवर तिचा एक फोटो घेतला आणि फोटोवाल्याकडून नीट करून आणला. त्यानं काय केलं असंल? उजवी बाजू उलटी करून डावीकडं लावली. बसवेश कौतुकानं आईला दाखवायला गेला. तिनं बघितलं, म्हणाली, ही कोण बाई? त्या दिवसापासून मोबाईल हातात दिसला तरी उठून जाते. मला वाटलं, मशीननं केलं म्हणून तिला परकं वाटलं, मी हातानं करीन. बरं करीन. हे तुला लिहायची लाज वाटली म्हणून वय झालं असं लिहिलं.

तू म्हणतोस आळस. तिच्यासमोर पेन्सिल घेऊन बसायचं आणि त्या बाजूकडं तासभर बघायचं, ते मला जमत नाही. म्हणून लग्नातला फोटो पुढं घेतला. तुझ्या शाळेत हे शिकवत असतील तर सांग, नाहीतर सोड. लग्नाला पन्नास दिवसही राहिले नाहीत, ती येणार नाही, आणि मी तिकडं पाहुण्यांना हात जोडत उभा राहीन.

गुरुबसप्पा

माळशिरस
१६ ऑक्टोबर २०२५

प्रिय बसप्पा,

डाव्या गालाचं लिहून मी गाढवपणा केला. मला माहीत नव्हतं ही सबब आहे, पण न विचारता बोलायची माझी सवय जुनी आहे. वहिनींची माफी मागायला मी तोंड घेऊन येईन. तुझी माफी इथंच मागतो.

पण तू चिडलास तरी एक बोलणार. वहिनी कॅमेऱ्याला घाबरतात असं तू धरून बसलायस. पहिल्या पत्रापासून तुझं एकच चाललंय, त्यांना सुंदर दाखवायचं. बसवेशचंही तेच. त्यांनी आत्तापर्यंत आपली किती चित्रं बघितली? एक फोटोवाल्याचं, एक तुझं, अजून दाखवलं नसलंस तरी त्यांना कळलं असणार. दोन्हींत डावी बाजू नाही. त्यांनी त्यातून काय समजायचं? की ही बाजू घरातल्यांना बघवत नाही.

मला खरं सांग, तू घरात त्यांच्या कुठल्या बाजूला बसतोस? मला कळवू नकोस. तुझं तू बघ.

सुंदर चित्र काढू नकोस. लग्नात ठेवण्यासाठी काढू नकोस. पेन्सिल सोड, सरळ पेन घे म्हणजे खोडायची वाट राहणार नाही. त्यांना विचारून बस, आणि डावीकडे बस. डावा डोळा आधी काढ. बघवलं नाही तरी हात चालू ठेव. मला पाठवायची गरज नाही. हे मी तपासायचं चित्र नाही.

तुझा,
संघपाल

जोडभावी पेठ, सोलापूर
९ डिसेंबर २०२५

सर्वगोड भावजींना महानंदाचा शरणार्थ.

तुमी लग्नाला आला न्हाईत. मोतीबिंदूचं ऑपरेशन त्याच आठवड्यात काढायचं कुणी सांगितलं हुतं तुमाला? असो. पट्टी निघाली असली तर हे पत्र तुमीच वाचा, सुनंला वाचाय लावू नका. माझं अक्षर वाईट हाय, बोलते तसंच लिहिते.

तुमची सगळी पत्रं मी वाचली. ह्यांनी ती पिठाच्या डब्यामागं लपवली हुती. पिठाच्या डब्याला ह्या घरात माज्याशिवाय कोण हात लावतंय? एवढी अक्कल न्हाई आणि म्हणं डिझाईन काढायचे. वाचून परत तितंच ठेवली. म्हनलं बघू, काय काय लिहितेत.

तुमी विचारलं हुतं, घरात कुटल्या बाजूला बसतोस. ह्यांनी तुमाला सांगितलं नसंल, मी सांगते. पयलं हे जेवायला माज्या डाव्या हाताला बसायचे. तीस वर्सं तितंच. वारं लागल्यापासून उजव्या हाताला बसाय लागले. मला कळत न्हवतं व्हय? तोंडाचं झालं ते देवानं केलं, त्याला मी काय म्हनू. पण ताट उचलून हितनं तितं ह्यांनी नेलं. त्याचा राग लई हुता माज्या मनात. स्टेजवर चारशे माणसं बघतील त्याचं मला एवढं न्हवतं वाटत. हे बाजूला उभं राहून दुसरीकडं बघतील, ते मला सोसवणार न्हवतं. सृष्टीला हे सांगता येतंय का? म्हनून वय झालं म्हनलं.

दिवाळी झाल्यावर एक दिवस दुपारी हे पेन घेऊन आले. बसशील का म्हनले. मी म्हनलं, भाकऱ्या कोण करंल? मग भाकऱ्या झाल्यावर बसले. हे आले आणि आपसूक उजवीकडं स्टूल मांडलं. मी ह्यांच्याकडं नुसतं बघत बसले. ह्यांचं ह्यांनाच कळलं. स्टूल उचललं, डावीकडं आले, बसले आणि पेन काय चालंना. पाच मिन्टं, धा मिन्टं. मी म्हनलं, का हो, डोळा दिसंना का? तर रडाय लागले. इतकं रडले की कागद भिजला. मला राग आला, म्हनलं मी धा महिने रडले न्हाई आणि तुमी हितं बसून रडताय. दुसरा कागद घ्या. घेतला.

सहा दिवस बसवलं मला. मान हलवू नको, पदर काढ, उजेडाकडं बघ. माझी कंबर धरली. डोळ्याला पाणी आलं की पुसाय द्यायचे न्हाईत, म्हनायचे थांब, तेवढं काढतो. सातव्या दिवशी दाखवलं. कान लई मोठा काढलाय. कपाळ तर अजून आखूडच हाय, एवढं तुमी शिकवून. उजवी बाजू माझी वाटतच न्हाई, पण डावी बरोबर आलीया. डोळा किती उघडा राहतो, ओठ कुटं खाली येतो, समदं जिथल्या तिथं. एवढं बघितल्याबिगर येत न्हाई, एवढं मला बी कळतं. फ्रेम करू म्हनले, मी न्हाई म्हनले. कपाटात कपड्याखाली ठेवलंय.

त्या दिवशी जेवाय बसले तर ह्यांचं ताट डाव्या हाताला. मी तितंच भाकरी वाढली. सृष्टीला हाक मारून सांगितलं, माझं पातळ इस्त्रीला टाक, मला स्टेजवर यायचंय.

आता लग्नातलं ऐका. अक्षता पडल्या, फोटोला उभं राहिलो. फोटोवाला म्हनला, मावशी, जरा असं वळा, ह्या बाजूनं चांगलं येईल. वाईट मनानं न्हाई बोलला तो. मी वळाय लागले तर ह्यांनी माझा दंड धरला. तुमाला म्हाईत हाय, ह्यांनी कारखान्यात कधी कुणाला आवाज चढवला न्हाई. तितं चारशे माणसांत, जावयाच्या आईबापासमोर ओरडले, ती वळणार न्हाई, तुला दिसत नसंल तर तू फिर तिकडनं. वाजंत्रीवाले सुद्धा थांबले. लाजंनं मेले मी. व्याही काय म्हनले असतील? सृष्टी मात्र हसाय लागली, तिला बघून मला बी हसू आलं, आणि त्या मेल्यानं नेमका तवाच फोटो काढला.

फोटो आलेत. ह्यांनी त्यातला तोच मोठा करून आणलाय. तोंड हे एवढं वाकडं गेलंय माझं त्यात. नका लावू म्हनलं तरी बैठकीत लावलाय. कुणी आलं की मी सैपाकघरात जात न्हाई आता. तुमी माफी मागाय येनार म्हनं. माफीबिफी काय नको. शेंगापोळी करते, या. आणि आलात की माज्याकडं नीट बघा, ह्यांच्यासारखं वरीस लावू नका.

महानंदा